रकाना सहावा

टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे एक खुर्ची.
खुर्चीत आज हायको विश्नेव्स्की, वय एकोणपन्नास,
रूरच्या खोऱ्यातली त्याची खाण बंद होऊन चार महिने.
पापण्यांच्या मुळाशी कोळशाची बारीक रेघ,
काजळ घातल्यासारखी.
धुऊन जात नाही, म्हणाला. बायको चेष्टा करते.

रकाना सहावा: अंगी असलेली कौशल्ये.
अठरा वर्षं मी हे विचारते आहे,
आधी शिलाई कारखान्यातल्या बायकांना, मग पोलादवाल्यांना,
मग मोटारींच्या कारखान्यातून एका शुक्रवारी
एकदमच आलेल्या दोनशे जणांना.
या प्रश्नापाशी माणसं आपल्या हाताकडे बघतात.
हायकोनंही बघितलं.

"छत ठोकून बघतो," तो म्हणाला.
"पहार घेऊन. आवाज भरीव आला की पुढं जायचं.
पोकळ आला तर मागच्यांना थांबवायचं.
बोलायचं नाही, नुसता हात वर.
सव्वीस वर्षांत माझ्यामागचा एकही माणूस..."
इथं तो थांबला. नजर लागू नये म्हणून
लाकडाला हात लावला त्यानं, माझ्या टेबलाच्या कडेला,
आणि ते लाकूड नाही, लाकडाची छाप असलेलं प्लास्टिक आहे
हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

संगणकाच्या यादीत चारशे कौशल्यं आहेत.
दगडाचं ऐकणं त्यात नाही.
मी लिहिलं: संघभावना. जबाबदारीची जाणीव.
लाज वाटली, पण रकाना भरल्याशिवाय
यंत्र पुढच्या पानावर जाऊ देत नाही.

मग मी न विचारताच त्यानं कपड्यांचं सांगितलं.
खाणीत कपाटं नव्हती. ज्याची त्याची साखळी, तिला आकडे,
घरचे कपडे अडकवायचे आणि ओढून छताला न्यायचे.
शेकडो शर्ट, विजारी, वाऱ्याविना लटकलेल्या.
पाळी संपली, साखळी सोडली, की खाली यायचा
तो सकाळचा माणूस.
अंगात चढवायचा आणि घरी जायचं.
"शेवटच्या दिवशी माझी साखळी अडकली.
दहा मिनिटं ओढत होतो.
पँट वर, मी खाली टॉवेलवर, पोरं हसतायत.
आणि मला वाटलं, राहू दे. राहू दे तिथंच."

मी तीन पर्याय छापून दिले.
गोदाम. ट्रक. वृद्धाश्रमात रात्रपाळी.
बसच्या तिकिटासारखी घडी घालून त्यानं खिशात टाकले.

पुढच्या फेब्रुवारीत त्याचं कार्ड आलं.
माणसं सहसा कळवत नाहीत.
रात्री दोनला दारादारावरून जातो. दिवा लावत नाही.
श्वास ऐकतो. भरीव आला की पुढं.
एकोणीस नंबरच्या आजींचा हल्ली पोकळ येतो.
सवयीनं हात वर होतो, पण मागं कुणी नसतं,
मग खुर्ची ओढून तिथंच बसतो.
खाली तिरक्या अक्षरात: पगार कमी. पाठ धरते.
बायको अजून चेष्टा करते.

ते कार्ड मी फायलीला लावलं नाही.

आज साडेचारला कार्यालय रिकामं झालं
तेव्हा पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले.
ती डुगडुगते. अठरा वर्षांत एकानंही सांगितलं नाही मला.
तिथून दिसतं ते एवढंच:
पाठमोरा पडदा, वायरींचं जंजाळ,
आणि कुंडीतलं रोप,
जे माझ्या बाजूनं नेहमी हिरवं दिसायचं.

कोरा अर्ज ओढला.
नाव: टेगेटमायर, उर्सेल. वय: बावन्न.
पाच रकाने सरळ गेले.
सहाव्यापाशी मी माझ्या हाताकडे बघितलं.

मग बोटाच्या पेरानं टेबलावर
एकदाच टकटक केली
आणि कान लावला.

"आत कोण आहे?"
बाहेरून विचारलं नेर्मिननं, बादली खाली ठेवत.

जरा थांब, म्हटलं.