फुंकणी

हुपरीत आमच्या गल्लीत दुपारच्याला
उंबऱ्या-उंबऱ्यातनं एकच आवाज येतो :
घुंगरांच्या परातीत हात फिरवल्याचा.

बावीस वर्षं मी डाख लावते.
दातांत फुंकणी, पुढ्यात दिवा,
टाकणखाराचा बुडबुडा फुटला
की चांदी चांदीला धरते.
गाल फुगलेलेच राहिले.
धाकटा म्हणायचा, आई, तू झोपेतबी फुंकतीस.

बचत गटाची गाडी गगनबावड्यावरनं उतरली तेव्हा
कमळाक्का तीनदा ओकली,
तोंड पुसून म्हणाली,
मासं तर आपल्या बाजारातबी मिळत्यात.

मालवणात पेद्रू नावाच्या पोरानं
माझ्या डोळ्यांवर काच बसवली, तोंडात नळी दिली.
"नाकान नको गो बाये, तोंडान श्वास घे."
मी सवयीनं फुंकलं.
तो हसला. "भायर नाय. आत घे, आत."

आत.

नळीतनं हवा आत येते
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोहायला येत नाही. टायर धरून पालथी पडले,
अंगात दिराचा जुना टी-शर्ट, कानांत पाणी,
आणि खाली सगळं चालू होतं.
पिवळ्यावर काळे पट्टे ओढलेले, घोळक्यानं.
चपटे, पांढरे, डोळ्यावरनं काजळाची रेघ फिरवलेले.
एक हिरवा-निळा, मोरचुदाच्या खड्यासारखा,
खडकाला दात लावून बसलेला.
कर्र. कर्र.
पाण्यात ऐकू येतं ते, खोटं नाही सांगत.
आमच्या ह्यांची कानस चालते तस्संच.
म्हटलं, ह्याला मजुरी कोण देतं?

असा मिना आमच्या भट्टीत कधी उतरला नाही.
उतरला असता तर शेठनं आधी काटा मागवला असता.
इथं एकाचंबी वजन
कुणी केलेलं नव्हतं.

तळहाताएवढा एक काचेपाशी आला,
वळला, बघितलं, गेला.

पेद्रूनं ओढून वर घेतलं तेव्हा कळलं
मी अर्धा तास नुसती घेतच होते.
कमळाक्का काठावर वडापाव खात होती.
काय दिसलं गं?
मला सांगता येईना. खारट पाणी थुंकले नुसती.

सोमवारी परत दिवा लावला.
चाळीस जोड द्यायचे होते बुधवारपर्यंत.
घरात कुणी नाही बघून
फुंकणी एकदा उलटी ओढली.
धूर आला, काजळीची चव, मोठा ठसका.
पण त्याच्या आधी
ज्योत जराशी माझ्याकडं वळली,
बघितलं,
गेली.