पट्टा न लावता

माझ्याकडे तीनशे बारा माणसं राहतात
आणि त्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही.
हेच माझं दुकान.
महिन्याला नऊ युरोंइतकं नाणं टाका, आत या,
बोला, भांडा, भाव चढला की नाचा,
कोसळला की रात्रभर एकमेकांना धरून बसा.
मी दार लावून घेते
आणि पाठ करून उभी राहते.

कुरेसारे गावात, काल्यूच्या वखारीवर, दोन खोल्या.
खाली तो मासे धुरवतो, वर माझे सर्व्हर घरघरतात.
कोटाला कायम जुनिपरच्या धुराचा वास.
बँकेतली बाई नाक मुरडते,
तिला वाटतं, मी मासे विकते.
मी तसंच वाटू देते.

पैसे का घेतेस, असं नवा सभासद हमखास विचारतो.
अरे, फुकटच्या पंगतीत शेवटी
पाहुणाच वाढला जातो.

एकदा तालिनहून करखात्याचे दोघे आले.
बूट पुसले, कॉफी घेतली, म्हणाले, यादी?
मी म्हटलं, नोंदी रोज मध्यरात्री जातात,
झाडायला राखसुद्धा उरत नाही.
धाकटा बराच वेळ पंख्यांकडे बघत राहिला.
मग हळूच म्हणाला, मला एक खातं मिळेल का?

त्या तीनशे बारांत एक होता शेवाळ.
हे त्यानं घेतलेलं नाव. किंवा तिनं.
भावाबद्दल अवाक्षर नाही.
दर शनिवारी एकच ओळ:
बर्फ आज बावीस सेंटीमीटर.
कुठला बर्फ? तळ्याचा, नदीचा, कुठल्या देशातला?
विचारायचं नाही, हा नियम. माझाच.
आधी लोक वैतागले, मग पैजा लावू लागले,
अर्ध्या नाण्याची, पाव नाण्याची.
बर्फ कधीच न पाहिलेल्या कुणीतरी विचारलं,
त्याला वास कसला येतो?
तीन दिवसांनी उत्तर आलं:
लोखंडाचा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ओळ आली नाही.
पुढच्याही.
मग हप्ता चुकला.
तीस दिवसांनी खातं पुसायचं, हाही नियम माझाच,
दोन्ही हातांनी टंकलेला.

लोक विचारू लागले. उर्वे, तुला ठाऊक असणार.
किल्ली हरवली असेल का? अटक? आजार?
की नुसताच कंटाळा?
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात सगळे.
मुठीच्या आत कसं वाटतं, ते कुणी सांगत नाही:
आपलीच नखं, आपलाच तळवा.

एकोणतिसाव्या रात्री
त्याच्या खात्यात मी माझे नऊ युरो भरले.
कुणाला कळणार नाही.
तशीच तर घडवलीय मी ही जागा.

त्या आठवड्यात हियुमा बेटाकडे जाणारा
समुद्रावरचा रस्ता खुला झाला.
टोकाशी रेइन लाल बंडी घालून उभा.
काच खाली करायला लावली, म्हणाला,
पट्टा सोड. पुढच्या गाडीपासून लांब राहा. मध्ये थांबू नकोस.
माहीत होतं. इथं लहान मुलांनाही माहीत असतं:
बर्फ फुटला तर
आवळून धरणारं काहीही अंगावर नको.
पुढे दोन लाल दिवे.
आत कोण, माहीत नाही.
विझले असते तर एवढ्या अंतरावरून
मी काय करणार होते, तेही माहीत नाही.

परतल्यावर काल्यूचा गिरमिट मागून घेतला.
किनाऱ्याजवळ भोक पाडलं, पट्टी उभी घातली.
शनिवार होता.
माझ्या नावानं लिहिलं: बर्फ आज चौतीस.
तीन-चार पैजा लगेच लागल्या.

मग गुडघे टेकून, नाक अगदी खाली नेऊन
वास घेतला.
लोखंडाचा नव्हता.
धुरवलेल्या माशांचा होता.
किंवा तो माझ्याच हातांचा.