तीन अडतीस

पाणी पाचव्या दिवशी, पहाटे तीन चाळीसला.
झोप महाग, म्हणून गजरही बरोब्बर तीन चाळीसचा.
मोटारी लागायच्या आधी
दोन मिनिटं धार असते मनगटाएवढी,
मग करंगळी,
मग नुसतं फुस्स.

घड्याळ सेलवरचं, काळ्या आकड्यांचं,
कारखानदारानं दिवाळीला वाटलेलं, पगारवाढीच्या जागी.
संक्रांतीला गड्ड्यावरून आल्या आल्या
मी ते मोबाइलशी जुळवलं होतं, सेकंदाला सेकंद.
मे संपता संपता एका पहाटे
शेजारी यमुलांच्या घागरी वाजल्या
आणि आमच्या फळीवर अजून तीन अडतीस.

कन्ना चौकात गुर्रम मास्तरांकडे नेलं.
त्यांनी पाठ उघडली, चिमट्याच्या टोकानं दाखवली
तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत नळी.
"हिच्यात गारगोटीचा काटा आहे बे, दोन पायांचा.
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो.
तेवढं मोजून झालं की आकडा सरकतो.
वेळबिळ काय असते, त्याला माहीत नाही."
मग मागं का पडतं?
"पंचवीस डिग्रीला मापून कापलाय.
तुझ्या पत्र्याखाली पन्नास.
तापला की मंदावतो.
गारठला तरी मंदावतोच."
पैसे घेतले नाहीत.
म्हणाले, बिघडलंय कुठं, तर दुरुस्त करू?

वडील गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे.
भोंगा चुकला तर अख्खं सोलापूर मिळून चुकायचं,
कुणा एकट्याला उशीर व्हायचा नाही.
आता मोबाइल गुपचूप
कुठल्याशा टॉवरला विचारून घेतो.
याला विचारायला कुणी नाही.
फळीवर बसून आपलीच थरथर मोजतं
आणि जे भरेल ते सांगतं,
खोटं न बोलता.

आई विड्या वळते. दिवस तिचा हजाराचा.
मेमध्ये नऊशे ऐंशी भरतात, कधी साठ.
मुकादम वीस विड्यांचे पैसे कापतो,
डिग्री विचारत नाही.
मी तिला गारगोटीचं सांगितलं.
तेंदूपानावरची कात्री न थांबवता ती म्हणाली,
दोन्हीकडनं मंदच होतंय म्हणतोस,
मग त्याला बरं वाटतं ते कधी?

मला डिसेंबरातली एक-दोन दुपारी सुचल्या.

काल घड्याळ पुन्हा जुळवलं.
वर दोन मिनिटं पुढं सारून ठेवलं,
गजर झाला, घागरी लावल्या,
गल्लीत सगळेच उभे, कुणी तीन सदतीसला, कुणी त्रेचाळीसला उठलेले,
जांभया देत, एकमेकांची घड्याळं विचारत.
पाणी आलं चार वाजून सहा मिनिटांनी.

व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचं घड्याळ
कुठल्या पत्र्याखाली असतं,
एकदा विचारायला हवं.