पाण्याचा माग

चौतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
चार माग एकट्यानं चालवतोय, आधी टॉवेलचे, मग चादरीचे.
डावा कान आधी गेला. उजवा पाठोपाठ.
घरात आल्यागेल्याला सांगतात,
नानांना हाक मारू नका, खांद्याला हात लावा.

श्रीलता हैदराबादला नोकरीला लागली
आणि पहिल्या बोनसात मला नदीवर घेऊन गेली.
जून संपत आलेला, सोलापूर तापलेलंच,
नळ येऊन पाच दिवस झालेले.
तिकडं झंस्कारला डोंगरच विरघळून सांडत होता,
राखाडी, खळ दिलेल्या सुताच्या रंगाचं पाणी,
आणि खाली कुणी पिंप लावलेलं नाही.

नोर्फेल नावाचा पोरगा आमचा वाटाड्या.
काठावर उभा राहून वल्ही कधी पुढं, कधी मागं
ते तासभर समजावत होता.
मला हालणारे ओठ दिसले.
श्रीलता तोंड मोठं करून तेलुगूत सांगत बसली,
नाशिकचे डॉक्टर नवराबायको आमच्याकडं बघत होते,
यांना कशाला आणलं, असं.

तीन दिवस घर नाही, रस्ता नाही.
दोन्ही बाजूंना कडे, मध्ये आमची रबरी होडी.
नोर्फेलनं कानाशी हात नेला, मग खाली बोट दाखवलं.
सगळे ऐकायला वाकले.
मी तळावर पंजा ठेवला.
पाण्यातली बारीक वाळू रबराला घासत चाललेली.
कांडी संपत आली की धोटा असाच बोलतो,
हाताला आधी कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदी एकदम अरुंद झाली.
पुढं पांढरं, उभं.
नोर्फेल ओरडत होता, गळ्याच्या शिरा फुगलेल्या,
आणि कुणालाच काही ऐकू येईना.
डॉक्टर मागं वळून "काय? काय?" करत होते.
चला, म्हटलं, आता सगळे माझ्या गावचे झाले.

मग त्याचा हात दिसला.
पंजा आडवा, छातीकडं ओढलेला, दोनदा.
आमच्याकडं हीच खूण:
मागं घे, बीम मागं घे.
मी वल्हं मागं ओढलं. डॉक्टरांनी माझा दंड बघितला
आणि त्यांनीही ओढलं.
तरी होडी एकदा गरकन फिरली, दगडाला घासली,
डॉक्टरीणबाईंचा एक बूट गेला तो गेलाच,
आणि आमची शेंगाचटणी पार भिजून लगदा.

रात्री वाळूवर मी नोर्फेलला खुणा शिकवल्या.
अंगठा ओठाशी, चहा.
दोन बोटं फाकवली, तार तुटली.
मिशीवरून हात, मालक आला.
हसता हसता त्याच्या हातून कप सांडला.

तो काहीतरी बोलला, श्रीलतानं फोनवर लिहून दाखवलं:
हिवाळ्यात ही नदी गोठते,
लोक तिच्यावरून चालत जातात,
तिला चादर म्हणतात.
परत वाचलं.
कितीच्या सुताची, असं तोंडावर आलं होतं.

सोबत नेलेली लाल-काळी चादर त्याला देऊन आलो.
नक्षीकडं त्यानं बघितलंच नाही,
किनारीवरून सावकाश बोट फिरवलं.
पोरगा कामाचा आहे.

परवा कामावर आलो. सगळे माग चालू.
पलीकडून मल्लेशमनं भुवया उडवल्या: कसं झालं?
मागांच्या आवाजात मी त्याला अख्खी नदी हातांनी सांगितली,
कडे, वाळू, तो अरुंद तोंडाचा धबडगा, बूट.
बर्फाला मात्र आमच्यात खूण नाही.
मग तुळईवर साचलेली कापसाची धूळ दाखवली,
पांढरी, जाड, किती वर्षांची कुणास ठाऊक,
आणि दोन्ही हातांनी ती खाली ओतली.

मल्लेशम बराच वेळ वर बघत राहिला.
मग त्यानं अंगठा-तर्जनी घासली: पगार किती कापला?
मी आठ बोटं दाखवली.

तेवढ्यात तीन नंबरवर तार तुटली.
गेलो, गाठ मारली.