भरतीची वेळ

ऐरोली, सेक्टर आठ. खाली रक्त-लघवीची लॅब,
वर मी आणि माझ्या त्रेचाळीस वेबसाइट.
दोन मंगल कार्यालयं, दातांचे सहा डॉक्टर,
कोपरखैरण्याचा एक झेरॉक्सवाला, ज्याला वाटतं
वेबसाइट असली की मुलीला स्थळं बरी येतात.
आणि दिवा गावच्या जेट्टीवरची हसुराम भोईरांची होडी,
रोहित पक्षी दाखवणारी, माणशी चारशे.

त्रेचाळीस उंबरे, झाडायला दोन हात.
म्हणून तिसरा भाड्यानं घेतलेला:
दस्तगीर मुल्ला, उदगीर. महिना चौदा हजार.
तोंड कधी पाहिलं नाही.
आवाज पाठ: मागे शेळी, पिठाची गिरणी,
आणि "झालं मॅडम" म्हणण्याआधी घेतलेला एक श्वास.

सप्टेंबरात वहीचं पान मधोमध दुमडलं.
डावीकडे माणूस: चौदा हजार, ईद, ताप,
लाइट गेली, मामेबहिणीचं लग्न.
उजवीकडे यंत्र: अकराशे नव्वद.
त्याला मामेबहीण नाही.

भाच्यानं रविवारी बसवून दिलं.
रात्री दोन दहाला आपलं आपण उठतं,
प्रती काढतं, कुलपं बदलतं, फोटो आकसवतं,
दोन चौदाला झोपतं.
दारावर मी कागद चिकटवला: सध्या भरती नाही.
दस्तगीरला फोन केला, वाक्य तीनदा घोकून.
"बरं मॅडम," म्हणाला.
श्वास घेतला नाही, की मला ऐकू आला नाही?

जुन्या नोंदी पुसताना मग दिसलं:
सव्वादोन वर्षं, रोज रात्री, तीन वाजून पाच मिनिटं,
बेचाळीस साइट एकीमागून एक,
दर दोघींत नऊ सेकंद.
एवढं नेमकं माणूस फक्त मेल्यावर वागतो.
म्हणजे मी काढण्याआधीच त्यानं स्वतःला काढलं होतं,
माझ्याच पैशांनी,
आणि गिरणीवर निवांत दळण आणत होता.
हसू आलं. रागही आला,
पण हसण्यामागून, लंगडत.

बेचाळीस.

त्रेचाळिसावीच्या वेळा विस्कटलेल्या:
पहाटे पाच बावीस, पाच सदतीस, कधी सहाला दोन कमी.
ईदच्या दिवशीही. तापातही असणार.
ती हसुरामांची होडी.

माझं यंत्र भरतीची वेळ कोष्टकातून उचलतं.
कोष्टक मुंबई बंदराचं.
तिथलं पाणी खाडीत शिरून आमच्याकडे येईतो
रेंगाळतं, गाळाशी बोलत बसतं.
डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी जेट्टीवर नऊ माणसं,
एक निवृत्त मुख्याध्यापिका दुर्बीण घेऊन,
समोर चिखल, चिखलात कलंडलेली होडी,
पक्षी दूर, पेन्सिलीनं ओढल्यासारखे.

हसुराम रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.
"उदगीरचा पोरगा रोज सकाळी फोन करायचा.
काका, पानी कुठवर आलंय?
मी सांगायचो, दुसऱ्या पायरीवर हाय.
मग टाकायचा. दर्या नाय बघलेला त्यानं कधी."

मी उदगीरला फोन लावला.
म्हटलं, फक्त एक साइट. किती घेशील?
शेळी. गिरणी. श्वास.
"चौदा हजार, मॅडम.
बाकीच्या बेचाळीस तशाही फुकटच होत्या."

विचार करून सांगते, म्हटलं.
दुमडलेलं पान उघडलं; घडी पडलीय,
आकडे तिच्यावरून घसरतात.
तोवर पहाटे गजर लावून मीच विचारते, काका, कुठवर?
आणि एका बोटानं टाइप करते.

काल नऊ जणांचे पैसे परत करायचे होते,
ते न्यायला हसुराम स्वतः जिना चढून आले.
चप्पल काढता काढता दारावरचा कागद
अक्षर लावून वाचला.
सध्या भरती नाही.

मनगटावरचं घड्याळ बघितलं त्यांनी.
"सव्वाअकराला हाय," म्हणाले.