रद्द चलानांच्या मागे

सोहारच्या बंदरात, स्टोअर क्रमांक चारमध्ये
रद्द झालेली डिलिव्हरी चलानं माझ्याकडे येतात.
मागची बाजू कोरी. तेवढी माझी.

काल शटडाउन होतं, चौदा तास.
चित्र म्हणून एक वॉशर काढला:
एक गोल, आत एक गोल.
बाराला चार कमी होते;
तारीख घातली. चालतं.

हात अजून जमत नाहीत, म्हणून हातमोजे काढतो.
बस-ड्रायव्हर गुलजमान झोपतो तोंड उघडं टाकून,
त्याचा जबडा मात्र आता येतो,
तीन महिने रोज तोच जबडा.
परवा त्यानं चलान मागून घेतलं,
बराच वेळ पाहिलं,
म्हणाला, एवढे दात नाहीत मला.
खोडरबर दिलं.
त्यानंच दोन पुसले.

मालवणहून आक्का विचारते,
काय काढलंस आज?
वाळूचं वादळ होतं गं, काहीच दिसत नव्हतं.
मग?
मग कागद खिडकीच्या फटीशी ठेवला रात्रभर.
सकाळी त्यावर
पिवळसर, बारीक,
माझ्याहून बऱ्या हाताचं शेडिंग.

श्वास रोखून
खाली तारीख तेवढी घातली.