डाव्या पिळाची स्प्रिंग

मातारोच्या बंदरात, बर्फाच्या शेडमागे रेमेईचं दुकान.
दारावर पाटी नाही. आत नाणं टाकून खेळायची सहा यंत्रं
पाठ उघडी टाकून उभी, डॉक्टरकडे आल्यासारखी.
मी सातवं घेऊन गेलो, बंद पडलेल्या एका बारमधलं.
म्हटलं, जॉयस्टिक डावीकडे जात नाही.
ती म्हणाली, हल्ली कोण जातं?

चार स्क्रू निघाले, त्यातला एक दुसऱ्याच घराण्याचा.
दांडा बाहेर आला, त्याला चिकटून
चाळीस वर्षांचं ग्रीस, खजुराच्या गरासारखं.
तिनं ते बोटावर घेतलं, हुंगलं.
"यात शिवणयंत्राचं तेल आहे. बाईनं घातलंय."
कशावरून?
"पुरुषानं मोटारीचं घातलं असतं."

मग पितळेच्या चार पात्या.
प्रत्येकीच्या टोकाला चांदीचा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा.
तीन उजळ. चौथा काळाठिक्कर.
मला वाटलं, जळला.
"जळला नाही. या खेळात मागे फिरायचंच नसतं,
पाती पातीला टेकली नाही की चांदी काळवंडते."
कागदाची पट्टी मधे सरकवून तिनं तो पुसला,
बाळाचे दात पुसावेत तसा.

एवढ्यानं काम झालं होतं.
पण तिनं बैठक उलटी केली.
जिथे नाव असायचं तिथे कानशीच्या रेघा.
कुणीतरी मुद्दाम घासलेलं,
कुणाचा माल आपला म्हणून विकला
ते कळू नये म्हणून.
"कोणी बनवलं?" मी विचारलं, उगाच.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की आता घरी जाता येणार नाही हे मला कळलं.

नदीचं मूळ विचारू नये, ऋषीचं कूळ विचारू नये.
स्प्रिंगचं?

बिस्किटांचे अकरा डबे तिनं टेबलावर उपडे केले.
ढीगभर स्प्रिंगा, सगळ्या उजव्या पिळाच्या.
आमची एकटी डावी.
शेजारी ठेवली की दिसायचं,
पंगतीत कुणी डाव्या हातानं जेवायला बसावं तसं.

तिनं फोन लावला, डोंगराकडे, बाल्दिरी नावाच्या कुणाला.
तो बहिरा, म्हणून ती ओरडत होती
आणि बाहेर जाळी विणणारे दोघं थांबून ऐकत होते.
तार किती जाड?
नऊ दशांश!
टोक घासलेलं की कापलेलं?
कापलेलं! तिरकं! पक्कडीनं!
मग बराच वेळ नुसती खरखर.

मग तो बोलला, आणि ती एकदम हळू ऐकू लागली.
गाद्यांचा कारखाना होता.
जुनं यंत्र, उलटंच फिरायचं, कुणी दुरुस्त केलं नाही,
झोपणाऱ्याला पिळाची दिशा कुठे कळते.
शनिवारी मालक गावाला गेला की
हा पोरगा त्यावर बारकी तार चढवायचा.
एक माणूस स्कूटरवरून यायचा, पिशवीतून न्यायचा,
शेकड्यावर पैसे. कशाला लागतात, कधी विचारलं नाही.
"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.
मालक जाऊन तीस वर्षं झाली, बाल्दिरी!
"तरी पण."

रेमेईनं वही काढली, पेन्सिलीला टोक केलं.
लिहिलं:
स्प्रिंग – गादीवाले.
पात्या – माहीत नाही.
साचा – माहीत नाही, आकडा सात, उलटा कोरलेला.
लाल गोटा – माहीत नाही. दात लागलेत. मुलाचे?
गादीवाल्यांपुढे तिनं एक ब लिहिला,
आणि अंगठ्यानं पुसला.

पैसे वीस युरो. चौकशीचे घेतले नाहीत.

घरी येऊन मी यंत्र लावलं, दांडा डावीकडे दाबला.
खाली कुठेतरी ती डावी स्प्रिंग कुरकुरली.
पडद्यावरचा बुटका माणूस वळला,
दोन पावलं गेला, आणि पडद्याच्या कडेला
चालत राहिला, जागच्या जागी.
तिकडे काही नव्हतंच.
मी बराच वेळ दाबून धरला.